दमखिंडीचा येसबा

बसा नीट, आणि किती वर्षं झाली म्हणून मधेच विचारू नका. आमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती.

तेव्हा दमखिंडीच्या पायथ्याला येसबा नावाचा चाबूकस्वार राहायचा. चाबूकस्वार म्हणजे घोडे शिकवणारा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, गावात कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सरदाराच्या पागेतून कोवळी शिंगरं त्याच्याकडे यायची, शिकायची आणि दसऱ्याला परत जायची. दसऱ्याला सगळं गाव सोनं वाटत फिरायचं, आणि येसबाचं अंगण रिकामं व्हायचं.

नाव चाबूकस्वार, पण चाबूक कायम खुंटीला. घोड्याने पाय उचलायचं नुसतं मनात आणलं, की हा मानेवर थाप मारून म्हणायचा, "भले!" काम झाल्यावर शाबासकी कुणीही देतो हो. येसबा धडपडीला द्यायचा. त्या एका शब्दासाठी त्याचे घोडे जीव तोडून चढायचे, असं म्हणतात.

एका वर्षी एक तांबडी घोडी आली. भारी बुजरी, पाचोळा हलला तरी थरथरायची. येसबाने तिचं नाव साळू ठेवलं. तिला शिकवता शिकवता हा मुखदुर्बळ माणूस बोलायला लागला. भाकरी थापताना बोलायचा, खरारा करताना बोलायचा, आणि ती कान टवकारून ऐकायची. दसरा जवळ आला तसा तो रोज उरलेले दिवस बोटांवर मोजायला लागला.

रिवाज असा, की दसऱ्याच्या सकाळी घोड्याने पागेचा स्वार पाठीवर घेऊन, माघारी न वळता दमखिंड चढायची. चढला तो पागेचा. नाही चढला तो पागेला नको, तो येसबाकडेच राहायचा. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? येसबानेही तेच केलं. तो गप्प राहिला.

स्वार साळूवर बसला. येसबा पायथ्याशी तोंड मिटून उभा. अर्ध्या चढावर साळूचा वेग मोडला. स्वाराने टाच मारली, मग चाबूक काढला. पाठीवर वळ उठले, तोंडाला फेस आला, तरी ती माघारी वळली नाही. एक पाय पुढे टाकायची, दगडावरून घसरायची, पुन्हा टाकायची, आणि दर वेळी एक कान मागे वळवायची.

येसबाला कळलं. ती अडली नव्हती, त्याच्या शब्दाची वाट बघत होती. आपण हे काय करून बसलो, असं त्याला झालं. मग तो सगळा जीव गोळा करून ओरडला, "भले गं पोरी!"

साळू सुसाट वर गेली आणि खिंडीपलीकडे दिसेनाशी झाली.

त्यानंतर येसबाने एकही शिंगरू घेतलं नाही. रोज संध्याकाळी अर्ध्या चढावर जायचा आणि रिकाम्या खिंडीकडे बघून म्हणायचा, "भले गं." तिकडे बारा कोसांवर साळू कुठल्याही घाटात मध्यावर थांबायची, एक कान मागे करायची आणि मग पुढे निघायची. बारा कोस आवाज जातो का? मला काय माहीत, असं म्हणतात.

येसबा म्हातारा झाला. जेवलास का, एवढं विचारायलाही कुणी गेलं नाही. आमचेच वाडवडील ते, सांगताना लाज वाटते. एका संध्याकाळी चढताना त्याला धाप लागली आणि तो मध्यावरच बसला. सकाळी गुराख्यांना तिथे त्याचं मुंडासं सापडलं, माणूस नाही. मातीत टापांचे ठसे होते. वरून खाली आलेले उथळ, आणि परत वर गेलेले खोल, पाठीवर कुणी बसल्यावर उमटतात तसे.

तिथे आता येसबाचा दगड आहे. डोक्यावर मोळी घेतलेली बाई असो की दप्तर घेतलेलं पोर, पुढचा माणूस त्या दगडापाशी थांबतो आणि मागच्याला "भले" म्हणतो. बस धापा टाकायला लागली, की कंडक्टरसुद्धा दारावर थाप मारून म्हणतो.

आणि मागे कुणीच नसेल, तुम्ही एकटेच असाल, तर त्या दगडावर थाप मारायची आणि मोठ्याने म्हणायचं, "भले रे येसबा." त्याने जन्मभर हा शब्द दिला. त्याला तो कुणी एकदाही दिला नव्हता.