कोळिणीचे चौथे घर

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठाला, उंच गवताच्या दोन काड्यांमध्ये जाळे बांधून एक कोळीण राहत असे. अंगाने हरभऱ्याएवढी, पण सूत काढावे ते तिनेच आणि विणावे तेही तिनेच! सकाळच्या उन्हात तिचे जाळे चमकू लागले की पाण्यावर आलेली हरणेसुद्धा क्षणभर थांबून पाहत. पण माघ महिन्यात एके दिवशी गव्यांचा कळप ओढ्यात उतरला आणि सगळे गवत तुडवून गेला. कोळीण कशीबशी एका दगडाखाली शिरून वाचली. बाहेर येऊन पाहते तो जाळे नाही, आणि नवे बांधायला उभी काडीही नाही.

आता मुलांनो, कोळिणीचे सूत काही बाजारातून येत नाही. ते तिच्याच पोटातून निघते, आणि पोटात चार घास गेले तरच निघते. त्यातून तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. अंड्यांभोवती रेशमाची पिशवी विणायची, तर पोटात भरपूर सूत हवे. म्हणून तिला घर लवकर हवे होते.

तेवढ्यात ओढ्यावर मोर आला. कोळीण म्हणाली, "मोरदादा, तुम्ही सगळं रान हिंडता. माझ्याजोगी एखादी जागा सांगता का?"

"त्यात काय विचारायचं! टेकडीवरचा तो पळस बघ, कसा लालभडक फुललाय! तुझ्यासारख्या कसबी बाईचं घर कसं, येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून बघावं असं हवं," मोर म्हणाला.

कोळीण हरखून गेली. टेकडी चढून तिने पळसाच्या दोन फुलांच्या मध्ये जाळे विणले. लाल फुलांवर ते रुपेरी जाळे दिसतही सुरेख होते. पण ऊन चढले तशा फुलांतला मध प्यायला साळुंक्या उतरल्या. फांदी अशी काही हलली की जाळ्याच्या चिंध्या झाल्या. ज्या फुलाला धागा बांधला होता, ते फूलच गळून खाली गेले. कोळीण झटकन सालीच्या फटीत शिरली.

एक साळुंकी म्हणाली, "आम्हाला काय ठाऊक, इथं कुणी राहायला आलंय म्हणून! फुलं आहेत तोवर आमचा राबता असाच चालायचा बाई."

कोळीण गुपचूप खाली उतरली. वाटेत ऐनाच्या झाडावर राहणारी एक खार भेटली. तिचे पाणावलेले डोळे पाहून खारीला वाईट वाटले. "अगं, दिखाऊ जागी राहायचंच कशाला? माझ्या शेजारची ढोली रिकामी आहे. तिथं वारा लागत नाही, पाऊस लागत नाही, की कुणाची चोच पोचत नाही. निवांत राहा."

ढोली खरोखरच निवांत होती. एरवी कोळीण धाग्याचे टोक वाऱ्यावर सोडी आणि वारा ते पलीकडे नेऊन चिकटवी. इथे वाराच नव्हता, म्हणून तिने भिंतीभिंतीने चालत एकेक धागा ओढून नेला. जाळे पुरे झाले आणि ती मध्यभागी वाट बघत बसली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. काळोखात ना माशी आली, ना चिलट.

पाचव्या दिवशी खार डोकावली. "काय गं तुझं जाळं! अजून अगदी कालच विणल्यासारखं आहे."

"तेच तर दुखणं आहे, मावशी," कोळीण क्षीण आवाजात म्हणाली. "ज्या जाळ्याला भोक पडत नाही, त्यात घासही पडत नाही."

तिने ते जाळे गुंडाळून गिळले. कोळिणी तसे करतात, जुने सूत वाया घालवत नाहीत. तरी तिला कळून चुकले, की आता फार तर एका जाळ्यापुरते सूत उरले आहे. पुढची जागाही चुकली, तर तिचे मरण ठरलेले, आणि अंड्यांचेही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदाची एक जाळी होती. काटेरी, वेडीवाकडी. तिच्या दोन फांद्यांमध्ये वीतभर मोकळी जागा होती. कोळीण तिथे जाऊन बसली, पण तिने विणायला काही घेतले नाही.

खार मागोमाग आली होती. ती म्हणाली, "अगं, दिवस चालला. विण ना! उपाशी आहेस."

"उपाशी आहे म्हणूनच घाई नको, मावशी. आज नुसती बघणार आहे."

आणि दिवसभर पोटात आग पडलेली असताना ती नुसती बघत राहिली. वारा ओढ्याकडून येऊन त्या मोकळ्या जागेतून पलीकडे जात होता. करवंदाच्या पांढऱ्या फुलांवर यायला किडे तीच वाट धरत होते. एक रानडुक्कर आले आणि काटे बघून वळसा घालून गेले. पाखरे घिरटी घालत, पण काट्यांत कुणी उतरेना. तिने एका काट्याला पायाने ओढून पाहिले. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला धागा वाऱ्यावर सोडला. क्षणात तो समोरच्या काट्याला जाऊन चिकटला. दुपारपर्यंत जाळे तयार झाले आणि संध्याकाळच्या आत एक गुबगुबीत माशी त्यात येऊन पडली. महिनाभरात कोळीण पुन्हा टपोरी झाली. पानाआड तिने रेशमाची पिशवी विणली आणि अंडी घातली.

वैशाखात एके दिवशी वळवाचे वादळ सुटले. कोळीण पिशवीला आठही पायांनी बिलगून बसली. वादळ ओसरल्यावर तिने पाहिले, जाळे फाटले होते. अगदी मधोमध फाटले होते. पण काट्यांना बांधलेली टोके जिथल्या तिथे होती. तिने त्यातल्या एका टोकाला नवा धागा जोडला आणि विणायला बसली.

पंधरा दिवसांनी पिशवी उसवली आणि खसखशीएवढी पिले भराभर बाहेर पडली. काट्याकाट्यावर चढून त्यांनी पोटे वर केली आणि वाऱ्यावर आपापला पहिला धागा सोडला.

तात्पर्य : देखण्या जागेला किंवा नुसत्या सुरक्षित जागेला भुलू नये. जिथे आपले काम होते आणि मोडले तरी पुन्हा उभे करता येते, तेच आपले घर.