गरुडभाषेत नसलेला शब्द

समुद्रापलीकडून आलेले गरुड माळरानावर राज्य करून निघून गेले, त्याला बराच काळ लोटला होता. पक्ष्यांनी देवाचे आभार मानले. शाळा मात्र गरुडभाषेतच चालू ठेवली. साळुंकीबाई तेथे शिकवीत. घरची बोली बोलणाऱ्या पिल्लाला त्या वर्गाबाहेर उभे करीत.

जमिनीवर घरटे करणाऱ्या टिटवीने त्यांना एकदा विचारले, "बाई, ससाणा दिसला की आम्ही पिल्लांना 'दबा' म्हणतो. पिल्ले मातीला चिकटून बसतात आणि मातीसारखीच दिसतात. गरुडभाषेत याला काय म्हणायचं?"

बाई हसल्या. "असा शब्दच नाही तिच्यात. गरुडांना कोणापासून लपावं लागत नसे. तुम्ही अजून मातीतच अडकलात, टिटवीताई! घरीही गरुडभाषाच बोला, म्हणजे पिल्लू पुढे जाईल."

टिटवीने ते मानले. देवाने दिलेली हाक तिने घरातून काढून टाकली.

पुढे एके सकाळी, शाळा भरली असताना, ससाण्याची सावली माळावर उतरली. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली, "दबा! दबा!"

तिचे पिल्लू मान उंच करून उभेच राहिले. "आई, असं काय बोलतेस? सगळे हसतील ना!" ते गरुडभाषेत म्हणाले.

ससाण्याने झडप घालून त्याला उचलले. साळुंकीबाई तोवर बोरीच्या जाळीत शिरल्या होत्या आणि आपल्या माहेरच्या बोलीत देवाचा धावा करीत होत्या.