द्वारकाबाईंचा ताणा

एका विणकरपेठेत द्वारकाबाई साळी भाड्याच्या घरात माग चालवत असत. काम कधी थांबले नव्हते. परंतु आधी नवऱ्याचे आजारपण आणि पाठोपाठ पुरात भिजलेले रेशीम, यांमुळे चार महिन्यांचे भाडे थकले. घरमालक रंगोबाशेठ पेठेतल्या जाणत्या विणकरांना घेऊन दारात उभे राहिले.

"घर रिकामं करा. पण मी काही निर्दय नाही," मागावर ताणलेल्या हिरव्या उभ्या धाग्यांकडे पाहत ते म्हणाले. "हा ताणा संपेपर्यंत खुशाल राहा. रंगोबाचा शब्द आहे!"

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" द्वारकाबाईंनी नम्रपणे विचारले.

महिन्याभराने साडी मागावरून उतरली आणि शेठ त्याच मंडळींसह हजर झाले. पाहतात तर मागावर लाल रेशीम!

"अहो बाई, नवा ताणा लावलात?"

"नवा कुठला, शेठ? जुना संपत आला की त्याच्या एकेका तारेला नवी तार जोडायची, ही आमची रीत. पहिला ताणा सासऱ्यांनी लावला. तीस वर्षं झाली, अजून संपलेला नाही."

शेठांनी जाणत्यांकडे पाहिले. त्यांतले सर्वांत वृद्ध विणकर हसू दाबत म्हणाले, "खरं आहे. माझा तर आजोबांपासून चालू आहे."

शेठ उंबऱ्यावरच बसले. "मग माझं थकलेलं भाडं?"

"दर साडीमागे थोडं थोडं फेडीन." द्वारकाबाईंनी उतरलेल्या साडीच्या मजुरीतले पैसे त्यांच्या हाती ठेवले. "फक्त ताणा संपायची वाट बघत बसू नका."