मुटकेबाज राजा आणि दोन पोती मीठ

चष्मा सापडत नाही, गुडघा ठणकतोय, आणि तुम्हाला गोष्ट हवी! घ्या. एकदाच लिहितो, पुन्हा मागू नका.

घुमटराजाच्या हौदातलं दोन पोती मीठ गायब झालं!

हौदात मीठ कशाला, विचाराल. राजवाड्यामागं पोहायचा हौद होता, त्याला विजेचं यंत्र. पाण्यात मीठ टाकायचं. यंत्र त्यातून क्लोरिन काढतं, क्लोरिन शेवाळ मारतं, आणि काम झालं की त्याचं परत मीठच होतं. म्हणजे मीठ संपतच नाही. यंत्रवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. तरी यंत्राचा लाल दिवा पेटला: मीठ कमी!

राजानं हौद झाडणाऱ्या बाईला, अंजिराला, धरून आणवलं.

"मीठ संपत नाही, उडून जात नाही. मग गेलं कुठं? तूच नेलंस!"

"सरकार, माझ्या घरी माणसं दोन. दोन पोती मिठाचं करू काय?"

"लोणचं घाल, नाहीतर पापड लाट! उद्या दुपारपर्यंत मीठ दाखव. नाहीतर गाढवावरून धिंड आणि राज्याबाहेर!"

"वाहवा! काय न्याय!" कारभारी विसाजीपंत म्हणाले. हा माणूस राजा शिंकला तरी वाहवा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी राजा रोजच्यासारखा हौदावर गेला. पोहायला? छे! मुटके मारायला! गुडघे पोटाशी घेऊन धबाक्कन उडी, की पाण्याचा डोंगर बाहेर. असे वीस मुटके. पंत काठावर चिंब भिजून "वाहवा!" मग माळ्यानं गोडं पाणी सोडून हौद पुन्हा भरायचा. राजा उन्हात वाळला आणि तसाच उघडा दरबारात येऊन बसला.

"आण मीठ!"

अंजिरानं दार उघडलं. सात शेळ्या आत!

"हे काय गं?"

"मिठाला हपापलेल्या आहेत, सरकार. ज्याच्याकडं मीठ, त्याला चाटतील."

शेळ्यांनी अंजिराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तिघी पंतांच्या धोतराला लागल्या. चार सरळ सिंहासनावर! एक पाठ चाटते, एक तळवा, दोघी पोटावर.

"हाकल! हाकल त्यांना! अगं, काखेत नको!"

"वाह..." पंत म्हणेपर्यंत धोतराचा सोगा शेळीच्या तोंडात.

अंजिरा म्हणाली, "मीठ संपत नाही, खरंय सरकार. पण पाण्याबरोबर चालत जातं. तुमच्या एकेका मुटक्याला खारं पाणी काठच्या गुलाबाच्या वाफ्यात. तिथं एक तरी रोप जगलंय का, बघा! वरून भरायचं ते गोडं. मग मीठ कमी होणार नाही तर काय? बरंचसं वाफ्यात गेलं, थोडं पंतांच्या धोतरात, आणि उरलेलं तुम्ही अंगावर घेऊन बसलात. चोर सापडला. आता सांगा, गाढव केवढं मोठं आणू?"

दरबाऱ्यांनी हसू दाबायला तोंडात उपरणी कोंबली!

राजा गुदगुल्यांनी आधीच हसत होता, आता सिंहासनावरून घसरला आणि जमिनीवर लोळून खोखो हसला. अंजिराला त्यानं हौदाची कारभारीण केलं. हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं, तेही आधी एका शेळीनं चाटून घेतलं. नवी पोती वाहायला लावली पंतांना.

आणि शेळी माणसाला चाटतच नाही असं म्हणत भर पारावर मला लबाड ठरवणारा, अजून माफी न मागितलेला तो माणूस कोण, तर आमच्याच गावचा केरबा हिंगमिरे!