पंगतीतून उठलेली बुरुडीण

फार पूर्वी, माणसं शब्दावर माल देत आणि शब्दावरच फसत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात कायदा होता. कुणाचं कुणाकडे येणं असेल, तर त्यानं चावडीवर जाऊन न्यायाधीशापुढे ते सांगायचं. माल दिल्यापासून तिसऱ्या अक्षयतृतीयेचा सूर्य मावळला, की येणं बुडालं. मग राजासुद्धा ते उकरून काढत नसे.

त्या राज्यातल्या एका गावात राही नावाची बुरुडीण राहत होती. गावच्या जहागीरदारानं नवं कोठार बांधलं, तेव्हा तिनं त्याला धान्य साठवायला बांबूच्या बारा मोठ्या कणग्या विणून दिल्या. बोली होती बारा मण जोंधळ्यांची. कुंभारानं रांजण दिले, सुतारानं दारं दिली. सगळ्यांना जहागीरदार म्हणाला, "सुगी होऊ द्या."

एक सोडून तीन सुग्या झाल्या. जहागीरदार कुणालाही नाही म्हणाला नाही. नाही म्हणणारा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा गूळपाणी द्यायचा, लेकराबाळांची चौकशी करायचा आणि म्हणायचा, "तुमचं कुठं पळून जातंय?" राही दोनदा गेली आणि दोन्ही वेळा गूळ खाऊन परत आली.

पण यंदा घरात दाणा उरला नव्हता. पावसाळ्याचे चार महिने रानातून बांबू आणता येत नसे, आणि नवरा अंथरुणाला खिळलेला. जोंधळे मिळाले नाहीत, तर गाव सोडावं लागणार होतं. म्हणून तिसऱ्या अक्षयतृतीयेला तिनं चावडीची वाट धरली. वाटेतच जहागीरदाराचा माणूस आडवा आला.

"मालकांनी समद्या कारागिरांना जेवाय बोलावलंय. सणाचं न्हाई म्हनू नगं."

मोठ्या घरचं आमंत्रण! राही भिडेला बळी पडली आणि गेली.

पंगत बसायलाच ऊन कललं. पुरणपोळी, आमरस, वर तुपाची धार. जहागीरदार स्वतः फिरून आग्रह करत होता. आणि गावची रीत अशी, की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी पंगतीतून उठायचं नाही. मध्येच उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि यजमानाचाही.

राहीनं डोंगराकडे पाहिलं. सूर्य कड्यापासून जेमतेम हातभर वर होता. शेजारच्या कुंभाराला ती हळूच म्हणाली, "दादा, मुदत आजच सरतीय न्हवं?"

"गप बस," कुंभार पोळी मोडत म्हणाला. "ज्याचं मीठ खातूया, त्याच्यावरच फिर्याद? लोक काय म्हनतील? उद्या बघू."

"मीठ त्यांचं असंल दादा, पर जोंधळं माझं हायती."

आणि राही उठली. सगळ्या पंगतीचे हात थांबले. जहागीरदार लगबगीनं आला. "अगं, भरलं पान टाकून उठतेस?"

जन्मात राहीनं असं केलं नव्हतं. तिनं पानाला वाकून नमस्कार केला आणि ती खरकट्या हातानंच चावडीकडे पळत सुटली. शाबास तिची! भुकेल्या माणसाला भरलं पान सोडणं सोपं नसतं, आणि चारचौघांतली भीड सोडणं त्याहून अवघड.

न्यायाधीश दप्तर बांधत होता. तिचे हात पाहून त्यानं विचारलं, "पंगत मोडून आलीस?"

"व्हय, म्हाराज. पंगत पुन्यांदा बसंल. मुदत पुन्यांदा यायची न्हाई."

न्यायाधीशानं दप्तर सोडलं आणि तिचं येणं लिहून घेतलं. शाई वाळते न वाळते तोच सूर्य बुडाला. थोड्या वेळानं बाकीचे कारागीर आले, विड्यांनी तोंडं रंगवून.

"आमचंबी लिवून घ्या, म्हाराज," कुंभार म्हणाला.

न्यायाधीशानं खिन्नपणे मान हलवली. "तुमचं येणं खरं आहे, हे मला ठाऊक आहे. पण आता ते माझ्या हातात राहिलं नाही."

न्यायाधीशाच्या हुकमानं आठव्या दिवशी बारा मण जोंधळे राहीच्या दारात येऊन पडले. कुंभाराला रांजणांचं काहीच मिळालं नाही. राहीनंच त्याला दोन पायल्या जोंधळे दिले, आणि हात जोडून ती म्हणाली, "दादा, पुढल्या बारीला आधी चावडी, मग पंगत." त्या गावात अजून हे असंच म्हणतात.

तात्पर्य: आपलं हक्काचं मागायला लाजू नये, आणि मागायचंच आहे तर मुदत सरायच्या आत मागावं.