शेवटच्या शेताचं पाणी

फार फार वर्षांमागं डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात लखोबा, त्याची बायको भिवरा आणि त्यांच्या तीन लेकी राहत होत्या. त्यांचं शेत पाटाच्या अगदी टोकाला, सगळ्यांच्या शेवटी.

राजानं कायदा केला होता. बंधाऱ्यावर घंगाळात भोकाची वाटी तरंगत ठेवायची. ती भरून बुडेपर्यंत एका शेताला पाणी, मग शिंग फुंकून दुसऱ्याला. सगळ्यांना एकच वाटी.

भिवराच्या पाळीला मात्र पाणी अर्धा कोस कोरड्या पाटातून येई. निम्मं माती पिई, उरलेलं बांधाशी पोचतंय तोच शिंग वाजे. दरसाल ज्वारी उभी वाळे आणि लेकी अर्धपोटी निजत.

भिवरा न्यायाधीशाकडं गेली. तो म्हणाला, "बाई, वाटी सगळ्यांना सारखीच आहे."

ती पुन्हा गेली. त्यानं वाटी तोलली, भोक मोजलं आणि म्हणाला, "अचूक आहे."

तिसऱ्यांदा गेली, तर शहाण्यानं चांदीची नवी वाटी करून दिली! आता काय डोकं आपटावं?

"अहो, तुमची वाटी राहू द्या," भिवरा करवादली, "माझं शेत बघा!"

तो काही उठेना. शेवटी ती थेट राजाकडं गेली. "सरकार, एक पाळीभर माझ्या शेतात उभे राहा. दुसरं काही मागत नाही."

राजा आला. न्यायाधीशालाही यावं लागलं. दोघं उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळानं लांबून शिंग वाजलं. राजानं पायाखाली पाहिलं, नुसता फुफाटा.

"पाणी कुठं आहे?"

"वाटेत, सरकार. सात वर्षं झाली, वाटेतच आहे."

न्यायाधीश घाम पुसत म्हणाला, "महाराज, पण वाटी तर..."

"पुरे झालं वाटीचं!" राजा ओरडला. "आजपासून पाणी शेताला लागलं की तिथून शिंग फुंकायचं. मगच बंधाऱ्यावर वाटी सोडायची."

पाटाच्या तोंडचा शेतकरी कुरकुरला, "म्हणजे हिला जास्त?"

"नाही हो दादा," भिवरा म्हणाली, "तुमच्याएवढंच. पहिल्यांदाच."

त्या साली ज्वारीची कणसं हातभर झाली. कणगी भरली, लेकी पोटभर जेवल्या आणि लखोबाच्या घरी पुन्हा कधी उणं पडलं नाही.

तर लेकरांनो, कायदा सारखा लिहून भागत नाही. तो शेवटच्या माणसापर्यंत पोचतो का, हे तिथवर चालत जाऊन बघावं लागतं.