हस्तिवैद्याने मागितलेला वर

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हस्तिवैद्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुनेत्र.

एका लढाईत राजाच्या आवडत्या हत्तीचा माहूत नंदिक बाण लागून मेला. हत्ती जिवंत परतला, पण चारा सोडून भिंतीला डोके टेकून उभा राहू लागला. राजाने त्याच्यासाठी नदीकाठी मंडप घातला, चार सेवक नेमले आणि सुनेत्राला सांगितले, "खर्चाकडे पाहू नका. माझा हत्ती बरा करा."

सुनेत्राने आधी हत्तीच्या पायातला साखळदंड काढला. तो रोज त्याच्याजवळ बसे, हाताने ऊस भरवी, नंदिकचे नाव घेऊन त्याच्याशी बोले. तीन महिन्यांनी हत्ती आपणहून नदीत उतरला.

त्याच दुःखाने नंदिकच्या बायकोचे, सोणाचे, भान हरपले होते. रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारी, "आमचे आले का?" त्या नगराची रीत अशी, की ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याला वेशीबाहेर कडुनिंबाच्या बनात झाडाला बांधायचे. दिवसातून एकदा शिपाई लांबूनच भाकरी फेकत. सोणाही तिथेच होती.

हत्ती बरा झाल्यावर राजा म्हणाला, "सुनेत्रा, एक गाव इनाम देतो."

"गाव नको, महाराज. हत्तीला दिलंत ते बनातल्या माणसांना द्या. सावली, वैद्य, आणि राजकोठारातून दरसालचा वाटा."

"वेड कुठे बरं होतं?"

"हत्तीचं झालं."

राजा हसला. "बरं, त्या माहुताच्या बायकोला आजच सोडवतो. झालं समाधान?"

क्षणभर सुनेत्राला वाटले, हो म्हणून घरी जावे. पण सोणाच्या शेजारच्या झाडाला बांधलेला म्हातारा कुंभार त्याच्या डोळ्यांसमोर आला. सुनेत्र म्हणाला, "तिला सोडवा, मी पाया पडतो. पण तेवढ्यावर मला गप्प करू नका. आज आपली मर्जी आहे म्हणून ती सुटेल, उद्या मर्जी नसली की दुसरी कुणी बांधली जाईल. मला नियम हवा, महाराज."

"राज्य कसं करावं, हे आता हत्तींचा वैद्य शिकवणार?" राजा संतापला. सुनेत्राची चाकरी गेली आणि रागाच्या भरात सोणाची सुटकाही राहून गेली.

सुनेत्र बनात राहायला गेला. शिपाई भीतीने आत येत नसत, म्हणून त्याला कुणी अडवले नाही. त्याने एकेकाचे दोर सोडले. तो त्यांच्याजवळ बसे, ऐकून घेई, गेलेल्यांची नावे विचारी. दर पौर्णिमेला तो राजद्वारी जाऊन तेच मागणे मागे. सहा वेळा द्वारपालाने त्याला परत पाठवले.

एके दिवशी शिकारीहून येताना राजा तहानेने बनात शिरला. एका बाईने त्याला मातीच्या वाडग्यातून पाणी दिले. ती सोणा होती. तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"तुमचं कोण गेलं हो?"

राजाचा धाकटा भाऊ त्याच लढाईत पडला होता. तेव्हा नगरात विजयोत्सव चालू असल्याने त्याच्यासाठी रडायला राजाला सवडच मिळाली नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला.

"बसा की. नाव काय त्याचं?"

राजा जमिनीवर बसला. दिवस कलेपर्यंत तो भावाबद्दल सांगत राहिला, ती ऐकत राहिली. उठताना त्याने जवळ आलेल्या सुनेत्राचे हात धरले. "सुनेत्रा, नियम काय लिहायचा ते सांग."

बनाच्या जागी आरोग्यशाळा उभी राहिली, वैद्य नेमले गेले. राजा बदलला तरी कोठारातला वाटा बदलू नये, असे शिळेवर कोरले गेले. तिथे आलेले काही बरे झाले, काही झाले नाहीत. पण पुन्हा कुणाला झाडाला बांधले नाही.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून शास्ता भिक्षुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा अरिंदम राजा म्हणजे हा आपला भिक्षू आनंद. सोणा म्हणजे शोकाने खचलेल्या बायकांना जवळ बसवून घेणारी ही भिक्षुणी. आणि हस्तिवैद्य मी होतो. भिक्षूंनो, एकाचा दोर सुटला म्हणून जी थांबत नाही, तीच करुणा."